पळपुट्यांच्या बारशाला एकोणीस आत्या

एका जंगलात एक ससा होता. आता तुम्ही म्हणाल, जंगलात ससा असणारच, त्यात सांगायचं काय? तर बाळांनो, ससा सगळ्याच जंगलांत असतो. पण या सशाला आडनाव होतं.

आडनाव होतं पळपुटे.

हसू नका. ए, तू खिडकीजवळचा, तू तर मुळीच हसू नकोस. तुझं आडनाव काय आहे ते सगळ्या आळीला माहीत आहे.

हे आडनाव पडलं कसं, ते आधी ऐका. फार पूर्वी त्या जंगलात कोणालाच आडनाव नव्हतं. हाक मारली की जो वळून बघेल तो तो, असा साधा कारभार. मग सिंहमहाराजांना शिरगणती करावीशी वाटली. राजांना मधून मधून असं होतं. त्यांनी वानर कारकुनाच्या हातात वही दिली आणि सांगितलं, "दारोदार जा. ज्याला त्याला आडनाव विचार आणि लिहून घे."

वानर कोल्ह्याकडे गेला. कोल्हा लोडाला टेकून म्हणाला, "लिहा, सत्यवादी." वानराने लिहिलं. तरस म्हणालं, "मंदहासे." लिहिलं. कावळ्याने घसा खाकरला आणि सांगितलं, "मंजूळकर." तेही लिहिलं. कारकुनाचं काम लिहायचं. खरंखोटं बघायचं खातं वेगळं होतं, आणि ते अजून उघडायचं होतं.

मग वानर सशाच्या बिळाशी आला. त्या दिवशी सिंहमहाराज स्वतः तपासणीसाठी त्याच्या मागे उभे होते. सशाच्या पणजोबांनी दार उघडलं. वानर बघितला. वानराच्या मागे कोण आहे ते बघितलं. आणि पणजोबा मागच्या दाराने जे गेले ते थेट दिवाळीला परत आले.

वानराने थोडी वाट पाहिली. पण रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. त्याने डोळ्यांना जे दिसलं ते लिहिलं.

सगळ्या जंगलात तेवढं एकच आडनाव खरं होतं. आणि हसायचे सगळे त्यालाच.

या घराण्यात दुर्वा नावाची सशीण सून होऊन आली. माहेरी तिचं आडनाव घाबरे. म्हणजे घाबरे होती ती पळपुटे झाली. लग्नाने बाईची प्रगती होते ती अशी. शाळेत असताना कासवगुरुजी हजेरीला "दुर्वा घाबरे!" पुकारायचे, आणि तिने "हजर" म्हणायच्या आत मागून कोणीतरी "भ्यॉक!" करायचं. रोज. न चुकता. दुर्वा शाळेत जे काही शिकली, त्यातलं तेवढंच तिच्या लक्षात राहिलं.

तर या दुर्वाला मुलगी झाली. कापसासारखी मऊ, गुंजेसारखे डोळे, कान आईवर गेलेले. बघायला येणारे म्हणायचे, "नाक बघा कसं हलतंय!" दुर्वा मात्र पाळण्यात बघायची आणि तिला गुरुजींची हजेरी ऐकू यायची. अमुक अमुक पळपुटे! आणि सगळा वर्ग खो खो.

"माझ्या पोरीला कोणी हसता कामा नये," तिने नवऱ्याला बजावलं. "आडनाव काही बदलून मिळत नाही. निदान नाव तरी असं शोधू, की दोन्ही एकत्र पुकारली तरी कोणाला हसू येणार नाही."

नवऱ्याचं नाव सदोबा. स्वभावाने इतका भला, की जन्मात कोणाला नाही म्हणालेला नव्हता. तो म्हणाला, "हो."

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला आडनावाची कसली काळजी गं? चार दिवसांनी लग्न होईल, बदलेल."

"माझंही बदललंच की, सासूबाई," दुर्वा म्हणाली.

सासूबाईंनी पुढ्यातलं गाजर उचललं आणि खायला लागल्या.

बारशाला नऊ दिवस होते. दुर्वाने एक पारख ठरवली. शेजारच्या साळुंकीकाकूंना फांदीवर बसवायचं, आपण झाडामागे उभं राहायचं, आणि गुरुजींसारखा आवाज काढून नाव पुकारायचं. काकू हसल्या की नाव बाद.

"निष्ठा पळपुटे!"

काकू फांदीवरून खाली पडल्या. परत चढून बसल्या.

"अचला पळपुटे!"

"अगं बाई गं! अचला आणि..." पुढचं हसण्यात वाहून गेलं.

"प्रतीक्षा पळपुटे!"

"मग किती वेळ केलीन प्रतीक्षा? दोन मिनिटं?"

"शांता," दुर्वा रडकुंडीला येऊन म्हणाली. "साधी शांता. आता हसून दाखवा."

काकूंनी डोळे मिटून पुटपुटून बघितलं. "शांता पळपुटे. हं. म्हणजे गेली, पण गाजावाजा न करता गेली. समंजस हो मुलगी!" आणि पुन्हा पडल्या.

दुर्वाच्या ध्यानात आलं. जगातलं कुठलंही नाव आणा, या आडनावाशेजारी उभं केलं की ते ढुंगणाला पाय लावून धूम ठोकतं.

मग कोणीतरी तिला पोपटशास्त्र्यांचा पत्ता दिला. हे शास्त्रीबुवा पूर्वी वडाखाली पिंजऱ्यात बसून चिठ्ठ्या काढायचे. आता पिंजरा गेला, ढोली आली, ढोलीवर पाटी आली. नामकरण सल्लागार.

शास्त्रीबुवांनी पेरू खात खात सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चूक कुठे होते सांगू, ताई? तुम्ही अर्थ असलेली नावं बघताय. अर्थ असला की तो आडनावाशी भांडतो. बिनअर्थाचं घ्या. सध्या तेच चालतं. हे बघा, 'झिआरा'."

"म्हणजे काय?"

"पर्वतापलीकडच्या बगळ्यांच्या भाषेत, दवबिंदूचा पहिला उसासा."

"बगळ्यांना विचारलंत?"

"बगळे कशाला खोटं बोलतील?"

दुर्वाने मनाचा हिय्या करून पुकारलं, "झिआरा पळपुटे!"

शास्त्रीबुवांनी चोच घट्ट मिटली. पण पोट हलायला लागलं. मग शेपूट हलायला लागली. मग सगळी ढोलीच हलायला लागली. दुर्वा पाय आपटत घरी आली.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटचं नाव पुकारलं. "बकुळा पळपुटे."

साळुंकीकाकू हसल्या नाहीत. दुर्वाने दहापर्यंत मोजलं. तरी हसल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या चोचीत दाणा अडकला होता. पण ते दुर्वाला कोणी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

"अहो, ठरलं. बकुळा," ती सदोबाला म्हणाली. "नाव ठेवणाऱ्या आत्याला नीट समजावून ठेवा. बकुळाच."

"हो," सदोबा म्हणाला.

आता बाळांनो, सशांची एक चाल आहे. नाव आत्याने ठेवायचं. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. एकदा कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही. म्हणून वानर कारकून वही उघडून पाळण्याला खेटूनच बसतो, आणि कानात जाईल ते लिहितो.

तुमच्याकडे आत्या एक, फार तर दोन. सदोबाला बहिणी होत्या एकोणीस. सशांचं घर आहे, त्यात काय एवढं! त्याच्या वडिलांनी आडनाव झाकायला पोरींची नावं एकाहून एक शूर ठेवली होती. थोरली रणरागिणी. शेवटच्या मुलीपर्यंत शूर नावं संपली, म्हणून धाकटी नुसती छबी.

रणरागिणीआत्या पदर खोचून पुढे झाली. "चला, सरका. सदूने मला सांगितलंय, 'ताई, नाव तूच ठेवायचं.'"

"तुला?" दुसरी म्हणाली. "मला म्हणाला होता! संक्रांतीला! तिळगूळ देताना!"

"मला तर शपथ घालून म्हणाला," तिसरी म्हणाली.

एकोणीस आत्या सदोबाकडे वळल्या. "सदू, मला म्हणालास की नाही?"

"हो," सदोबा म्हणाला.

"आणि मला?"

"हो."

"मला?"

"हो."

असं एकोणीस वेळा झालं. मग दुर्वा पुढे झाली. "अहो! आणि बकुळा ठरलंय ना?"

"हो," सदोबा म्हणाला. आणि त्याच्या पणजोबांनी जे केलं होतं तेच त्याला करावंसं वाटलं, पण मागच्या दारात सासूबाई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभ्या होत्या.

रणरागिणीने वाट बघितली नाही. पाळण्यात डोकं घातलं. "कुर्र्र! बाळाचं नाव रणचंडी!" बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ते धपाटे पडतायत तोवर दुसरीने दुसरा कान धरला. "कुर्र्र! दिग्विजया!" तिसरी मधून घुसली. "कुर्र्र! वज्रेश्वरी!" सशाचे कान लांब असतात. एकेका कानाला तीन तीन आत्या आरामात लागल्या. धपाटे कोणाच्या पाठीत घालायचे ते बायकांना कळेना, म्हणून त्यांनी सरसकट घातले. दोन सासूबाईंनाही बसले.

वानर लिहीतच होता. "यातलं खरं कोणतं?" त्याने विचारलं.

"माझंच!" अठरा आवाज आले.

वानराने सगळीच ठेवली. रकाना पुरेना, त्याने जोडपान चिकटवलं.

छबी तेवढी राहिली होती. ती दुर्वाजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला कोणतं हवं होतं?"

"बकुळा," दुर्वा डोळे पुसत म्हणाली.

छबीने पाळण्यात वाकून तेच सांगितलं. वानराने एकोणिसाव्या जागी लिहिलं बकुळा, आणि त्याच्यापुढे आडनाव.

पाहुणे घुगऱ्या खाऊन गेले. दुर्वा पाळण्याशी बसून राहिली. हसायला एक आडनाव काय कमी होतं? आता वर्गाला हसून हसून एक तास पुरायचा नाही.

पोर मोठी झाली आणि शाळेत गेली. पहिल्या दिवशी दुर्वा शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत लपून बसली. काटे टोचत होते. तिला ते कळत नव्हतं.

कासवगुरुजींनी वही उघडली. दरबाराचा हुकूम होता, प्रत्येकाचं पूर्ण नाव वाचायचं, मगच हजेरी धरायची. पहिले आठ जण झाले. मग गुरुजींनी चष्मा पुसला.

"रणचंडी..." गुरुजी म्हणाले. थांबले. "दिग्... विजया..." पाणी प्यायले. "वज्... रे... श्वरी..."

अकराव्या नावाला त्यांची ओळ चुकली. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

बाराव्या नावाला घंटा झाली. गणिताचा तास संपला.

वर्गात जो जल्लोष झाला, तो महाराजांच्या गुहेपर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गुरुजी आडनावापर्यंत पोचलेच नाहीत, आणि घरी दुर्वाने ते पोरीसमोर कधी उच्चारलं नाही. त्या वर्गाने वर्षभर गणित पाहिलं नाही. आणि पोरीला हसायचं सोडा, सगळा वर्ग तिला जिवापाड जपायला लागला. ती आली नाही तर बेरीज होईल ना! तिला ताप आला तरी पोरं घरी येऊन तिला पाठीवर घेऊन जायची. कोल्ह्याचा धाकटा सत्यवादी स्वतःच्या डब्यातली बोरं तिला द्यायचा. दुर्वाचे पाय जमिनीला लागेनात. पोरीला कोणी हसलं नाही, हसणारही नाही.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती पोरीचा विसरलेला डबा द्यायला गेली. मैदानात खो-खो रंगला होता. खो देताना एकोणीस नावं कोण घेणार? खेळ संपायचा. धाकटा सत्यवादी जिवाच्या आकांताने ओरडला,

"ए पळपुटे! ऊठ! खो!"

दुर्वाच्या हातातला डबा खाली पडला.

आणि तिची पोर बाणासारखी सुटली. सगळं मैदान एका सुरात ओरडत होतं, "पळपुटे! पळपुटे!" कोणी हसत नव्हतं. पोरीचे कान वाऱ्यावर उडत होते आणि तोंडावर अशी ऐट, की जणू महाराजांनीच पदवी दिलीय.

खेळ संपला तशी ती धापा टाकत आईकडे आली. "आई! माझं नाव केवढं लांब ना? पण मी सगळ्यांत जोरात पळते ना, म्हणून मुलांनी मला एक छोटंसं नाव शोधून दिलंय. वर्गात असं कोणाचंच नाही. सांगू?"

दुर्वाने बारशाआधी नऊ दिवस पुकारलेली सगळी नावं एकदा आठवली. मग खाली बसून पोरीच्या कानाला लागलेली माती पुसली.

"सांग," ती म्हणाली.

पोरीने सांगितलं.

"छान आहे," दुर्वा म्हणाली. "शोभतं तुला."

तात्पर्य: मुलीचं नाव ठेवताना घरातल्या सगळ्यांचं ऐकावं. त्याने मुलीचं काही भलं होत नाही, पण गणित बुडतं. नावाचं काय ते पुढे पोरं बघून घेतात.