सुरकुत्यांची वाट बघणारे डॉक्टर

आमच्या नांदेडच्या दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर क्षीरसागर मी काढलेला एक्स-रे हातात घेतात आणि न बघताच पालथा ठेवतात. मी तिथला एक्स-रे टेक्निशियन. सुरुवातीला मला तो माझा अपमान वाटायचा.

"राहू द्या, कदम. हाड कुठं पळून चाललं? आधी कातडी बघू."

मग अर्धा तास तेच. बोटं हलतात का, कुठं बधिर लागतंय का, फोड आलेत का. सुजेच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढायची आणि सूज रेघेबाहेर गेली का, हे दिवसभर येऊन बघायचं. सिस्टर त्यांना पाठीमागं 'मोजणीवाले' म्हणायच्या.

मागच्या उन्हाळ्यात हदगावच्या कमलबाई एसटीच्या पायरीवरून पडल्या. घोट्याच्या वर हाड मोडलं. बाहेरून साधी जखमही नव्हती, पण पाय भोपळ्यासारखा सुजून चकाकत होता, वर पाण्याचे दोन फोड. डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला लावला आणि ऑपरेशन लांबवलं. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा सुभाष भडकला.

"साहेब, तुम्ही नुसतं बघूनच राहिले. मी आईला लातूरला नेतो."

"न्या. पण सूज उतरून कातडीला सुरकुती पडेस्तोवर तिथंही कुणाला पायाला चाकू लावू देऊ नका."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की सुभाष थांबलाच.

नवव्या दिवशी डॉक्टर मला ओढतच कमलबाईंच्या खाटेपाशी घेऊन गेले. सूज उतरून घोट्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या.

"म्हातारीच्या अंगाला सुरकुत्याच असणार की," कमलबाई म्हणाल्या. "त्याचं एवढं काय खुश व्हायलाव?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. टाके कोरडे राहिले, जखम छान भरली. सुभाष बाहेरच्या बाकावर बसून कितीतरी वेळ रुमालानं तोंड पुसत होता.

त्या रविवारी डॉक्टर मला मुदखेडला घेऊन गेले. तिथले दुकानदार नारायणराव त्यांचे जुने पेशंट. "तरुणपणी त्यांच्या सुजलेल्या पायाच्या ऑपरेशनची मी घाई केली," वाटेत डॉक्टरांनी सांगितलं. "कातडी काळी पडली. जखम भरायला दीड वर्ष गेलं."

नारायणरावांच्या नडगीवर वीतभर चट्टा होता. डॉक्टरांनी खाली बसून तो बोटांनी चाचपला, कुठं दुखतं ते विचारलं आणि हात धुवायला आत गेले.

नारायणराव माझ्याकडं झुकले. "पाय कवाच बरा झालाय. पण डॉक्टरांच्या बाई गेल्यापासून घरी एकटेच असतात ते. दुखतंय म्हणलं की येतात, दोन घास खाऊन जातात."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"बसा, कदम," ते म्हणाले. "वरण गरम आहे तोवर जेवून घेऊ."