उजव्या रकान्यातले घड्याळजी

त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र एका जुन्या सभासदाचं होतं. दृष्टी गेल्यावर ते मुलाकडे दूरच्या गावी राहायला गेले आणि ग्रंथालयाची वेबसाइट संगणकाकडून मोठ्याने वाचून घेऊ लागले. सुनेच्या हातून त्यांनी लिहवून घेतलं होतं: "तुमचं पान यंत्र असं वाचतं: 'दिवंगत सभासद, उत्कृष्ट वाचक. छापखानेवाले, घड्याळजी.' यातलं कोण गेलं आणि कोण वाचतंय, काही उमगत नाही. घड्याळजी माझा बुद्धिबळातला भिडू. तो आहे का, एवढं कळवा. आमचा अबोला आहे, त्याला कसं विचारू?"

एका ओळीचं काम होतं. घड्याळजी रोज अकरा वाजता समोरच्याच बाकावर शब्दकोडं सोडवत बसत. पण ग्रंथपाल भिडस्त. चूक आपल्या पानाची. ती दुरुस्त केल्याशिवाय कुठल्या तोंडाने लिहायचं? पान त्यांनीच संगणकाच्या पुस्तकात बघून बनवलं होतं. सगळा मजकूर एका मोठ्या तक्त्यात, डावीकडे गेलेले, उजवीकडे बक्षीस मिळालेले. डोळ्यांना दोन रकाने नीट दिसत. यंत्र मात्र आडवं वाचत जाई.

"काका, मांडणीसाठी टेबल कशाला घातलंत?" संगणकाचं काम करणारी पुतणी फोनवर म्हणाली. "टेबल आकडेवारीसाठी. मांडणी सीएसएसने करायची."

"म्हणजे?"

"मजकूर सलग लिहायचा. तो कुठे दिसावा, ते वेगळं सांगायचं."

"आणि तो ऐकतो?"

"नीट सांगितलं तर ऐकतो. तुम्ही जरा ठणकावून सांगा."

ठणकावणं ग्रंथपालांना आयुष्यात जमलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात रकाने एकमेकांवर चढले. मग ग्रंथालयाची वेळ अध्यक्षांच्या फोटोत त्यांच्या कपाळावर जाऊन बसली आणि अध्यक्षांचा फोन आला. दोन महिन्यांनी एका मंगळवारी उजवा रकाना घसरून डाव्याच्या खाली गेला. तक्ता मोडताना 'उत्कृष्ट वाचक' ही शीर्षकाची ओळही पुसली गेली होती. ते लक्षात आलं नाही. सगळी नावं एका सरळ रेषेत बघून ग्रंथपालांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. "पान आता स्वच्छ वाचलं जातं. घड्याळजी गेल्याचं कळलं. शेवटच्या डावात मी हरत होतो, म्हणून त्याचा काळा घोडा मीच लपवून घरी आणला. वर 'तूच हरवलास' म्हणून भांडलो. आता हे कुणाला सांगू?"

ग्रंथपालांनी पान उघडलं. दिवंगतांच्या यादीत सगळे बक्षीसवाले उभे होते. ते पत्र घेऊन समोरच्या बाकाशी गेले.

"घड्याळजी, जरा गैरसमज झालाय. माझ्या पानावर तुम्ही... वारलात."

"कधी?"

"मंगळवारी."

घड्याळजींनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. "अकरा वर्षं त्या घोड्याच्या जागी बाटलीचं बूच ठेवतोय," ते म्हणाले. "एकटाच दोन्हीकडून खेळतो."

"मी आत्ता नाव काढतो."

"राहू द्या हो दोन दिवस. जिवंत होतो तेव्हा मला कुणी खरं सांगितलं?"

ग्रंथपाल पत्राची घडी करून जायला वळले.

"बसा. कागद घ्या," घड्याळजी म्हणाले. "लिहा, मेलो नाही. घोडा घेऊन ये."

"त्यांना दिसत नाही हो. एकटे कसे येतील?"

घड्याळजींनी अर्धवट कोडं घडी करून खिशात घातलं.

"मग खोडा ते. लिहा, मीच पट घेऊन येतो. सोंगट्या हाताने ओळखशील. घोडा मला, आणि त्याच्या जागचं बूच तुला."

ग्रंथपालांनी खाली 'विलंबाबद्दल क्षमस्व' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. टपालपेटीपाशी घड्याळजी सोबत आले होते. त्यामुळे पत्र आणखी एकदा वाचून बघायला म्हणून घरी नेता आलं नाही. ते पेटीत पडलं.