शेवटखान्यास वाळवी लागली, त्याचे वर्तमान

श्रीभविष्यदेवता प्रसन्न. जे उद्या होणार त्यास आजच दंडवत. शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमीस समुद्रतीरीच्या एका थोर नगरात विज्ञानकथांच्या रसिकांचे राज्य स्थापन जाहले, ते पुढे कैसे दुभंगले आणि कोणाच्या हातून, हे ऐकोन लिहिणाराचे हातपाय गार पडले. तरी जैसे घडले तैसे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही. राज्याचे मूळपुरुष अप्पासाहेब रेगे, शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. व्यायामशाळेच्या माडीवर दर रविवारी तिसऱ्या प्रहरी दरबार भरे. मुलूख म्हणावा तर दोन खोल्या, प्रजा म्हणावी तर साठ माणसे, परंतु ऐट पाहाल तर मंगळ आणि शनी हे घरचेच परगणे. एके रविवारी एक गृहस्थ नवी कादंबरी उघडोन प्रथम शेवटचे पान वाचताना सापडले, आणि अप्पासाहेबांस ऐसा संताप आला की त्यांनी चाकू मागविला. सभेची बोबडी वळली. मग अप्पासाहेबांनी त्या पुस्तकाची शेवटली सोळा पाने कापून वेगळी केली, आणि मग दुसऱ्याची, आणि मग तिसऱ्याची, आणि दिवेलागणीपर्यंत एकशे बारा पुस्तकांची पाने कापिली. एकशे बारा! अहो, खाटीक तरी मध्ये दम खातो! ती पाने भिंतीलगतच्या लाकडी कपाटात ठेवून त्यास शेवटखाना नाव दिले आणि कायदा केला की, ज्याने पुस्तक वाचिले त्याने रविवारी सभेपुढे उभे राहोन शेवट काय असेल तो आपल्या मते सांगावा, आणि मगच पाने हाती घ्यावी. लोकांस हा कायदा इतका मानवला की शेवट ऐकायास बिगरसभासदही जिन्यावर बसो लागले.

शेवटखान्याची किल्ली दमयंतीबाई शेट्ये यांच्या स्वाधीन केली. बाई सरकारी कचेरीत टायपिस्ट, हिशेबी, मितभाषी, आणि चार माणसांत बोलावे लागले तर घशाला कोरड पडायची. कायदा सर्वांस एक, म्हणोन बाईंसही उभे राहून अंदाज सांगितल्यावाचून शेवट वाचावयाची मोकळीक नव्हती; आणि उभे राहणे तर होईना. सबब चौदा वर्षे किल्ली कमरेला असोन बाईंनी एकही शेवट वाचिला नाही. पुस्तके मात्र सगळी वाचिली, सोळा पाने कमी. घरी भाकरी थापताना बाई मनातच शेवट रचीत आणि मनातच खोडीत.

मग शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरी, वैशाखमासी बाईंनी कपाट उघडिले तो आत माती. पाने कोठली? वाळवीने खालपासून वरपर्यंत सारा शेवटखाना फस्त केला होता. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. अप्पासाहेब त्या समयी हृदयविकाराने अंथरुणास खिळले होते, आणि वैद्यांनी बजाविले होते की यांस धक्का बसेल ऐसे काही कानी घालू नका. बाईंनी कपाट पुसोन काढिले, औषध मारिले, आणि कोणास अक्षर सांगितले नाही. मग जुन्या बाजारात हिंडोन पुस्तके मिळविली, आणि जी न मिळाली त्यांचे शेवट पूर्वी वाचलेल्या सभासदांस गोडीगुलाबीने विचारून टाइप केले, आणि सभेस कळविले की मूळ पाने जीर्ण जाहली, ह्या नकला. येथवर तरी पोटात घालता येईल. परंतु 'नीलग्रहाचे टपाल' म्हणोन एक कादंबरी होती, छापणारा बुडालेला, दुसरी प्रत कोठे नाही, आणि दरबारात कोणी तिचा शेवट वाचिलेला नाही. तीत एक खलाशी परग्रहावरील माणसांची पत्रे यानात भरोन पृथ्वीकडे निघतो, आणि इकडे त्याची वाट पाहणारे कोणी उरले आहे की नाही हे त्यास ठाऊक नसते. आणि काय सांगावे, दमयंतीबाईंनी तिचा शेवट स्वतः रचिला! सोळा पाने, आणि सर्वांत शेवटी ऐसे वाक्य: "पृथ्वी दिसू लागली. त्याने सुकाणूवर हात ठेवला आणि तो थांबला."

अप्पासाहेब त्याच वर्षी वारले. पुढे दोन वर्षांनी ही कादंबरी दोघांनी वाचिली. एक मनोहरपंत खांबेटे, टेलिफोनखात्यातले, बोलके आणि तापट. दुसरे सायमनराव लोपीस, गोदीतले इंजिनियर, शांत, पण एकदा अडले की अडले. दोघांची मैत्री ऐसी की एकाचा डबा दुसऱ्याने खावा. पंत म्हणाले, "यान पोहोचलं. हात ठेवला म्हणजे उतरवलं, आणखी काय?" सायमनराव म्हणाले, "थांबला असं लिहिलंय, पंत. तो माघारी वळला." तिसऱ्या रविवारी आवाज चढले, पाचव्या रविवारी खुर्ची मोडली, आणि वर्ष सरायच्या आत राज्याची दोन राज्ये जाहली! पोहोचवाले माडीवर राहिले आणि माघारवाले नदीपलीकडे मंगल कार्यालयाच्या गच्चीवर गेले. मग दोन अध्यक्ष, दोन वार्षिकांक, आणि एकमेकांचे सभासद फोडणे. एका वाक्यापायी! ऐकणाराने कानांवर हात ठेवावे. दमयंतीबाईंस मात्र दोन्ही दरबार मान देत. एका रविवारी इकडे आणि दुसऱ्या रविवारी तिकडे बाई पिशवीतून पुस्तके नेत, आणि दर वेळी जिना चढताना आज सांगोन टाकीन म्हणत, आणि उतरताना पुढल्या रविवारी म्हणत. सायमनरावांची लेक फिलोमिना हिचे लग्न जाहले, तीस तान्ही असल्यापासून खेळविलेले खांबेटे लग्नास आले नाहीत, हे बाईंनी मांडवात उभे राहोन डोळ्यांनी पाहिले.

ऐसी सत्तावीस वर्षे लोटली. इकडे अकरा माणसे उरली, तिकडे नऊ. मग शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, मार्गशीर्षात दोन्ही दरबारांची एकत्र सभा ठरली आणि दक्षिणेकडील एका शहरातून नेत्रवैद्य रझियाबाई अत्तार यांस पाहुण्या म्हणोन बोलाविले. रझियाबाई मोठ्या हौसेने म्हणाल्या, "तुमच्याकडे त्या पुस्तकावरून वाद आहे असं ऐकलं. आमच्या सासऱ्यांच्या पेटीत अख्खी प्रत निघाली. वाचू का?" सर्वांनी वाचा वाचा म्हटले. दमयंतीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. रझियाबाईंनी शेवटले पान वाचिले, त्यात खलाशी घरच्या बाजेवर जागा होतो आणि आई म्हणते, ऊठ, चहा गार झाला. सारे स्वप्न! यान नाही, टपाल नाही, काही नाही! एक पोहोचवाले मटकन खालीच बसले. कोणी तरी हळूच म्हणाले, "मग आपण वाचलं ते कोणाचं?"

तेव्हा दमयंतीबाई उभ्या राहिल्या. "माझं," म्हणाल्या. "पानं वाळवीनं खाल्ली. मी लिहिलं. अप्पांना धक्का बसू नये म्हणून गप्प राहिले, आणि मग तुम्ही भांडलात म्हणून गप्प राहिले, आणि मग फार उशीर झाला म्हणून." सायमनराव काठी टेकीत पुढे आले. "बाई, तुम्ही लिहिलंत ना? मग सांगा. तो पोहोचला की वळला?"

"मला ठाऊक नव्हतं, हो. वाटलं, रविवारी कोणी तरी उभं राहील आणि सांगेल. आपला कायदाच होता ना तसा."

सायमनरावांचा संयम सुटला. "अहो, या वाक्यापायी हा माणूस माझ्या लेकीच्या लग्नाला आला नाही!" दमयंतीबाईंनी मान खाली घातली, आणि आता हाकलतील म्हणोन पिशवी उचलली. तो खांबेटे बोलिले, आणि हयातीत प्रथमच हळू बोलिले. "त्यांना कशाला बोलतोस, सायमन? पत्रिका आली होती मला. कपडे घालून बसलो होतो. बसूनच राहिलो. वाक्य बाईंचं, पण हट्ट माझा." मग सायमनराव म्हणाले, "चल तर घरी. ती आलेय माहेरी. बाई, तुम्हीही चला."

तिघे रिक्षाने गेले. वाटेत खांबेट्यांनी दोनदा रिक्षा थांबवून पेढे घेतले आणि दोन्ही वेळा कमी वाटतील म्हणोन आणखी घेतले. घंटी वाजविली, सायमनराव धापा टाकीत जिन्यावर चार पायऱ्या मागे राहिले होते, आणि फिलोमिनेने दार उघडिले. केसांत पांढरे डोकावू लागलेली बाई. खांबेटे हसले, दोन्ही हातांत पुडे. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिले, एकवार दमयंतीबाईंकडे पाहिले, आणि मग दमयंतीबाईंसच विचारिले, "मावशी, हे कोण?"

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुढे दोन्ही दरबार मोडोन एक केला, आणि रविवार पुन्हा माडीवर भरो लागला. दमयंतीबाईंस कोणी काढिले नाही, आणि माफ केले ऐसेही कोणी बोलिले नाही. खांबेटे दारात उभे होते ती घटका बाई अद्याप कोणास सांगत नाहीत. लिहिणारास ती सायमनरावांकडून कळली.