सातव्या प्रकरणातलं पाणी

मिटलेल्या पुस्तकाच्या कडेला, पानांच्या साधारण मध्यावर, केसाएवढी बारीक काळी रेघ दिसत होती. मावशीने शेजारची प्रत उचलली. तिच्यातही त्याच जागी तीच रेघ. वाचनालयाच्या टेबलावर मुलांनी आणून ठेवलेल्या सहाही प्रती तिने एकेक करून उजेडात धरल्या. सहा प्रतींत एकच दोष, एकाच जागी. म्हणजे दोष प्रतींचा नव्हे, मूळ बाडाचा. एवढं तिला कळलं. पुस्तक उघडलं असतं तर पुढचंही कळलं असतं. पण या पुस्तकाची पानं पुन्हा उलटणार नाही, अशी शपथ थोरल्या बहिणीने तिच्याकडून घेतली होती.

बहिणीचंही काही चूक नव्हतं. मावशी बावीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि तीनदा तपासल्याशिवाय कशावरही मत द्यायचं नाही, हा तिचा स्वभावच झाला होता. घरचं दूध नासलंय की नाही, हेसुद्धा ती दोन वेगळ्या भांड्यांत उकळून ठरवत असे. अशा बाईने कुमारवयीन मुलांसाठी कादंबरी लिहिली होती. लिहायला एक वर्ष लागलं. प्रकाशकाकडे पाठवायची की नाही, हे ठरवण्यात तीन वर्षं गेली. तेवढ्या काळात अकरा वेळा दुरुस्त्या झाल्या.

"अगं, एव्हाना तुझ्या नायिकेचं लग्न होऊन तिला पोरं झाली असती," बहीण म्हणाली होती. "माझी शपथ आहे तुला. त्या बाडाला आता हात लावायचा नाही. पाठव, नाहीतर रद्दीत घाल!"

शेवटी मावशीने तिला जे येत होतं तेच केलं. चाचणी लावली. प्रयोगशाळेत नमुना येतो तेव्हा बाटलीवर फक्त क्रमांक असतो. पाणी कुणाच्या विहिरीचं, ते तपासणाऱ्याला ठाऊक नसतं. तसंच तिने कादंबरीच्या सहा प्रती काढल्या, खाकी कागदाची कव्हरं घातली, लेखकाच्या नावाच्या जागी एक ते सहा आकडे टाकले आणि त्या ग्रंथपालांकडे सोपवल्या. दर शनिवारी दुपारी वाचनालयात चौदा-पंधरा वर्षांची मुलं जमत आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलत. मावशीची भाचीही त्यांतलीच. तिलासुद्धा मावशीने एवढंच सांगितलं होतं, "आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी लिहिलंय. नाव गुप्त आहे." मुलांना आवडली तर पाठवायची, नाही तर रद्दी. आज निकाल होता, आणि 'सहज आले हो भाचीबरोबर' असा चेहरा करून मावशी वही उघडून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती.

येताना जिन्यापाशी तिला एक नवी पाटी दिसली होती. 'गच्चीवर जाऊन रडण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, ग्रंथपाल.'

"ही काय हो पाटी?" तिने विचारलं होतं.

"वरून पत्र आलंय, मॅडम," ग्रंथपाल आवाज खाली आणून म्हणाले. "कारण विचारू नका. गच्चीला कुलूपही ठोकलंय."

आपल्या नायिकेला हा नियम फार जाचक झाला असता, असं मावशीच्या मनात येऊन गेलं. पण निकालाच्या धास्तीत ती त्यापुढे गेली नाही.

पहिली बोलली ती 'न्यायाधीश'. हे नाव तिला मुलांनी ठेवलं होतं, कारण ती मत देत नसे, शिक्षा सुनावत असे.

"मुळात यात आजोबा आहेत," ती म्हणाली. "मोठी माणसं आमच्यासाठी लिहायला बसली की हे आजोबा येतातच कुठून? नायिका जरा कुठे अडकली की झाडामागून उगवतात आणि उपदेश करून जातात."

"पण ती कुठे आहे हे त्यांना कळतं कसं?" हा 'प्रश्नचिन्ह'. किडकिडीत, किंचित वाकलेला, आणि त्याचं प्रत्येक वाक्य नावाला जागणारं. "दर वेळी? ते तिच्या मागावर असतात का?"

"आणि मोबाईल पहिल्याच पानावर विहिरीत पडतो," भाची म्हणाली. "का माहितीये? लेखकाला मोबाईलवर काय बोलतात ते माहीत नाही. म्हणून बुडवला."

मावशीने वहीत नोंद केली : मोबाईल. निरीक्षण अचूक.

"बोलते तरी कशी ती!" न्यायाधीश म्हणाली. "वय पंधरा आणि भाषा पंचावन्नची. 'मैत्रीच्या वेलीला विश्वासाचं खतपाणी घालावं लागतं.' असं मी हिला म्हणून बघू का? ही मला धरून डॉक्टरकडे नेईल."

"नेईनच," भाची म्हणाली.

सगळे हसले. मावशीही हसली, कारण न हसणं संशयास्पद दिसलं असतं. मनातल्या मनात मात्र तिने सहा प्रती रद्दीत किती भरतील याचा अंदाज घेतला. दीड किलो, फार तर पावणेदोन.

"पण," न्यायाधीश टेबलावर बोट आपटून म्हणाली, "सातवं प्रकरण!"

खोलीत एकदम चैतन्य आलं. "सातवं! सातवं भारीच!" चारही बाजूंनी आवाज उठले.

मावशीने मान वर केली. सातव्या प्रकरणात नायिका जिवलग मैत्रिणीशी भांडून वाचनालयाच्या गच्चीवर जाते आणि टाकीमागे बसून चार पानं रडते. लिहिताना मावशीलाही थोडं रडू आलं होतं.

"त्यात एक अश्रू नाही," न्यायाधीश म्हणाली.

"एकही नाही?" मावशीच्या तोंडून निसटलं.

"नाही ना, मावशी! दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात ती रडली असती. इथे सहाव्याच्या शेवटी ती चिडून गच्चीकडे पळते, आपण पान उलटतो, तर थेट तक्ता! टाकीतल्या पाण्याच्या तपासणीचा! 'गढूळपणा : मर्यादेपेक्षा जास्त.' म्हणजे तिच्याच मनातला की!"

"'शिल्लक क्लोरीन : आढळला नाही,'" भाचीला ते चक्क पाठ होतं. "जंतू मारणारं आत काही उरलेलंच नाही. मैत्रीत. मला तर काटा आला."

"आणि शेवटची ओळ. 'सदर पाणी पिण्यास अयोग्य आहे.' बास! संपलं प्रकरण. केवढा राग! आणि आजोबा नाहीत!"

"खालची सही कुणाची पण?" प्रश्नचिन्ह उठून उभा राहिला. "मला वाटतं, नायिकेचीच. ती मोठी होऊन शास्त्रज्ञ झाली आणि त्याच टाकीचं पाणी तपासायला परत आली. असंच असेल ना?"

"थांब हं," भाची कपाळाला आठ्या घालत म्हणाली. "ती सही मी कुठेतरी पाहिलीय. वळण ओळखीचं आहे."

मावशीने टेबलावरच्या प्रतींच्या कडांकडे पुन्हा पाहिलं. कडेची ती काळी रेघ तक्त्याच्या चौकटीची होती. बारा दिवसांपूर्वीचा सोमवार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. ऑफिसला जाताना ती झेरॉक्सच्या दुकानात थांबली होती. पिशवीत कादंबरी, प्रत्येक प्रकरणाला वेगळी क्लिप. आणि त्याच पिशवीत शनिवारी घरी आणून सही केलेला एक अहवाल. त्यालाही तशीच क्लिप. गल्ल्यावर दोन्ही गठ्ठे तिने शेजारीशेजारी ठेवले. अहवाल ऑफिसच्या पाकिटात घालताना तिने पानं मोजलीही होती. चार. बरोबर. बावीस वर्षांच्या शिस्तीने मोजली, पण शेजारीच कादंबरी होती म्हणून शपथेला जागून पानांवर नजर मात्र टाकली नाही. सातवं प्रकरणही चारच पानांचं होतं.

आणि पाकिटावर पत्ता होता याच वाचनालयाच्या ग्रंथपालांचा.

म्हणजे टाकीचं पाणी खराब असल्याचं कळवणारं पत्र इथे आलंच नव्हतं. इथे आलं होतं रडणं. म्हणून ही पाटी! गच्चीला कुलूप होतं, आणि नळ चालू होता.

एवढ्यात ग्रंथपाल ट्रे घेऊन आत आले. ट्रेमध्ये काचेचे आठ ग्लास, काठोकाठ भरलेले. "एरवी मुलं घरून बाटल्या आणतात," ते म्हणाले. "इथलं पाणी जरा मचूळ लागतं ना. पण आज मॅडम आल्यात. म्हटलं, नळाला पहिली धार सोडून गार भरून आणावं."

"सर," प्रश्नचिन्हाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं, "वाचनालय आपलं, गच्ची आपली, टाकीही आपलीच. पुस्तक तुम्हीच लिहिलंय ना?"

ग्रंथपाल क्षणभर गोंधळले. मग त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. "आता नाव गुप्त ठेवलंय म्हटल्यावर," ते खाली बघत हळूच म्हणाले, "मी तरी काय बोलणार?"

"सरच! सरच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रंथपालांचे कान लाल झाले, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

मावशीला सुटकेची वाट समोर दिसली. गप्प बसलं की झालं. आजोबा त्यांचे, विहिरीतला मोबाईल त्यांचा, विश्वासाचं खतपाणीही त्यांचंच. तीन वर्षांचा प्रश्न आपोआप मिटणार होता.

तेवढ्यात बोलून बोलून घसा कोरडा पडलेल्या न्यायाधीशाने ग्लास उचलून ओठांना लावला.

"खाली ठेव!" मावशी ओरडली. "कुणी एक थेंब पिऊ नका! सातवं प्रकरण खरं आहे!"

भाचीच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. "प्रगतिपुस्तक!" ती किंचाळली. "आई गावाला गेली होती तेव्हा तू केली होतीस सही! मावशी, ही तुझी सही आहे!"

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. पाकीट, क्लिप, चार पानं, असं सगळं मावशीने क्रमाने सांगितलं. ग्रंथपालांनी आधी धावत जाऊन नळाची मुख्य चावी बंद केली, ग्लास मोरीत ओतले, आणि मग टेबलाच्या खणातून चार पानं काढून ते अवघडून उभे राहिले.

"तरीच!" ते म्हणाले. "तीनदा वाचलं हो मी. म्हटलं, पाणी खात्याला एवढं काय झालं असेल? तिसऱ्यांदा तर माझेच डोळे भरून आले. म्हणून कुलूप घातलं. लहान पोर एकटी गच्चीवर, काही बरंवाईट झालं तर?"

न्यायाधीशाने पानं घेतली आणि उभ्याउभ्याच वाचली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिचा चेहरा बदलत नव्हता. चौथ्या पानाच्या तळाशी ती थांबली आणि पानं मिटून तिने ग्रंथपालांच्या हातात परत दिली.

"आजोबा आलेत," ती म्हणाली.

"म्हणजे गंमत बघ ना," भाची म्हणाली, "अकरा वेळा मुद्दाम लिहून जे जमलं नाही, ते एकदा चुकून जमलं."

"मावशी, मग आता पाठवणार का?" प्रश्नचिन्हाने विचारलं. "की आणखी एकदा तपासणार?"

मावशीने वहीकडे पाहिलं. निकाल संमिश्र होता. तिच्या हिशेबाने अशा वेळी दुसरा नमुना मागवायचा असतो. पलीकडच्या शाळेत असाच एक गट आहे, असंही तिला आठवलं. तिने पेनचं टोपण उघडलं. सहा चेहरे तिच्याकडे बघत होते, उत्तर काय येणार हे खरोखर माहीत नसलेल्या माणसांसारखे. तिने टोपण पुन्हा लावलं.

"पाठवते," ती म्हणाली. "सोमवारीच. सातव्यात तक्ता ठेवून, आणि ताईची शपथ मोडून आजोबांना काढून."