पुलाची वानगी

जळकोटच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि त्यावर पूल नाही, ही बाब निजामाच्या अमलात उर्दूत, हैदराबाद राज्यात इंग्रजीत आणि मुंबई राज्यात गेल्यावर मराठीत रीतसर नोंदवून झाली होती. नोंदवायला चौथी भाषा उरली नाही, तेव्हा १९५७ साली गावानं आपल्यातलाच एक माणूस आमदार करून पाठवला.

हा माणूस म्हणजे आडत दुकानदार गुंडाप्पा. त्याच्या दुकानाची रीत साऱ्या मुलखाला ठाऊक होती. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर तूर तळहातावर घ्यायची. ही वानगी. घेणाऱ्यानं एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मान हलवायची. मान हलली की पोतं पास. मग तळाशी काय भरलंय हे विचारणं बेअदबी. पंधरा वर्षांत वानगीविषयी एकही तक्रार आली नव्हती. आल्या त्या पोत्याविषयी, आणि पोतं तर पास झालेलं असे.

प्रचारातही त्यानं भाषणाची वानगीच दिली, तीन वाक्यं. लोकांनी मान हलवली आणि उरलेलं भाषणही चांगलंच असणार असं समजून घरी गेले.

आमदार झाल्यावर गुंडाप्पानं रस्त्याची वानगी आणली. वेशीपासून चौदा हात डांबर. बायाबापड्या त्यावरून वहाणा हातात घेऊन चालत. मग शाळेची वानगी आली, खिडकीसकट एक भिंत. मास्तर खिडकीतून शिकवी आणि पोरं ज्या बाजूला सावली असेल त्या बाजूला सरकत. दवाखान्याची वानगी म्हणजे लिंबाखाली एक खाट आणि खाटेवर एक मंजूर रोगी. रोगी म्हणून फकीर नावाचा धडधाकट गडी नेमला होता. तपासणीच्या दिवशी तो कपाळावर ओलं फडकं घेऊन निजे. दोन वर्षांत निजून निजून त्याची कंबर खरोखरच धरली, पण वानगीत मंजुरी फक्त तापाला होती.

प्रत्येक वेळी तहसिलीतला पेशकार छापील कागद घेऊन येई. कागदावर एकच ओळ असे: ‘वानगी पसंत आहे.’ गाव सह्या करी, अंगठे उठवी. वानगी पाहून मान हलवायची सवय जुनीच होती. सह्या झाल्या की दफ्तरात ‘काम पसंत’ असा शेरा पडे आणि फाईल फडक्यात बांधली जाई.

मग पुलाची पाळी आली. वानगी कुठल्या काठाला बांधायची यावर खल झाला. गुंडाप्पानं धंद्यातली इमानदारी सोडली नाही. कडेची वानगी काढणं ही लबाडी, खरी वानगी पोत्याच्या मधूनच काढतात, असं त्यानं इंजिनिअरला समजावलं. त्याप्रमाणे ओढ्याच्या मधोमध दोन खांब उभे राहिले आणि त्यांवर कठड्यासकट दहा हात पूल. गुऱ्हाळातल्या गूळ शिजवायच्या काहिलीची नाव करून, तीत बसून गुंडाप्पा फीत कापायला गेला. जात्यावर बायांनी ओवी बांधली:

*ओढ्याच्या पल्याड माझ्या माहेराची वाट,*
*मधी उभा पूल बाई, त्याला न्हाई कुठं काठ.*

पुलाच्या कागदावर अंगठा दिला नाही तो एकट्या मदिनाबीनं. मदिनाबी गावची सुईण. पल्याडच्या वस्तीवर बलभीमची बायको कडूबाई दिवसांत होती. तिच्या मागल्या दोन्ही खेपांना ओढा भरून चालला होता. दोन्ही वेळा मदिनाबी अल्याडच्या काठावर दिवसभर उभी राहिली आणि बटवा न उघडता माघारी आली होती. दोन्ही लेकरं गेली. ती गुंडाप्पाच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आमदारसाब, तुमच्या आईला म्या लेकराची वानगी दिली नव्हती. अख्खं लेकरू दिलं होतं. बघा, केवढं झालंय.”

गुंडाप्पा नम्रपणे उठून उभा राहिला. तिच्याच हातावर जन्मलेला माणूस. “मदिनाबी, तुम्ही मोठ्या. पण पसंती न देता माल मागायचा, ही कुठली रीत?”

“कडूबाईला काय सांगू? अर्धंच बाळंत हो म्हणू?”

यावर गुंडाप्पानं, ही सूचना आपण सभागृहात मांडू, असं सांगितलं.

आषाढात ओढा फुगला आणि त्याच दिवशी कडूबाईला कळा लागल्या. बलभीमनं तिला काहिलीत घातलं आणि काहील पाण्यात लोटली. ओढ्यानं ती गरगरा फिरवली आणि पुलाच्या खांबाला नेऊन अडकवली. इकडून मदिनाबीनं कमरेला दोर बांधला, दातांत बटवा धरला आणि साठीच्या वयात पाण्यात उडी घेतली. दोघी खांबाला धरून पुलावर चढल्या. खाली गढूळ पाणी, वर आभाळ आणि मधे दहा हात सरकार. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. घटकाभरानं मदिनाबीनं पदरात काहीतरी वर धरलं.

“अख्खी हाय! पोरगी हाय!”

दोन्ही काठ रडले.

पाणी उतरल्यावर पेशकार जन्माची नोंद घ्यायला आला. जन्माचं ठिकाण विचारलं, तर सगळे म्हणाले, पूल. साक्षीदार म्हणून मदिनाबीचा अंगठा हवा होता. लेकराच्या नावाचा कागद, तिथं तिनं आनंदानं उठवला. पेशकारानं त्याची नक्कल पुलाच्या फाईलला जोडून शेरा मारला: ‘सदर पुलावर दोन्ही काठांहून इसम आले. आलेल्यांपेक्षा एक जास्त परत गेला. पूल वापरात असून पुरेसा आहे. राहिलेला अंगठा मिळाला.’ फाईल फडक्यात बांधली गेली. बासष्ट साली गुंडाप्पा पुन्हा निवडून आला.

तुम्ही म्हणाल, एकानं तरी पोतं उघडून बघायला हवं होतं. पेशकारालाही तसंच वाटलं, म्हणून त्यानं तुम्हा वाचकांचीच चौकशी केली. त्याचा अहवाल असा की वाचकांना गावाची मूठभर वानगी दाखवण्यात आली. ओढ्यापर्यंत कुणी गेलं नाही. सगळ्यांनी जागच्या जागी मान हलवली. खाली सहीपुरती जागा सोडली आहे.