कानात सांगायचं नाव

उषाचा पाय प्लास्टरात होता म्हणून काय झालं, आत्या तीच होती. भाच्याचं बारसं बंगळुरूला आणि ती सौंसरला. तरी बाळाच्या कानात नाव तिनेच सांगायचं, हे भाऊ मयूरने कबूल केलं होतं. पैठणी नेसून ती कम्प्युटरसमोर बसली. धास्ती एकच होती. चुलतबहीण रजनी तिकडे पाळण्याला खेटूनच उभी होती. आवाज गेला की आत्याचा मान तिच्याकडे जाणार.

मयूरने मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. उषाने हलकेच कुर्र केलं.

"ताई, काही ऐकू नाही येऊन राहिलं. जरा जोरात बोल."

"कानात कोनी जोरात बोलते का रे? मंग कानात सांगाचं कायले?"

मयूरने मोबाइल हॉलमधल्या मोठ्या स्पीकरला जोडला, तर आवाज घुमायला लागला. "जिजाजी, माइक वाढवा अन् तुमचा स्पीकर कमी करा," तो ओरडला.

उषाचा नवरा विजय पांढुर्ण्याला मोटारपंप दुरुस्त करायचा, त्यामुळे कम्प्युटर हा त्याला किरकोळ मामला वाटे. अर्धवट काम त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने माइक शंभरावर नेला आणि स्पीकर शून्यावर आणला.

घरात एकदम शांतता झाली. पडद्यावर मंडळींची तोंडं हलत होती, शब्द मात्र एक नाही.

"पाडला ना बंद?" उषा म्हणाली.

"आपल्याले ऐकू नाही येत, म्हंजे त्यायलेही येत नसंन. लाइन गेली." एवढं निदान करून विजय टेबलाखाली शिरला आणि वायरी हलवू लागला.

पडद्यावर रजनी पाळण्याकडे झुकली. उषाचा धीर सुटला.

"घ्या, निघाली रजनी. तिले हेच पाह्यजे होतं. अन् नाव तरी कोनतं, तर रेयांश. माह्या तोंडातच बसत नाही थे. बाबा नातवाची वाट पाहू पाहू गेले. त्यायचं नाव ठेवलं असतं, मोतीराम, तर गायत्रीचं काय बिघडलं असतं?"

तिने पदराने डोळे पुसले. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मनातली ही गोष्ट ती आजवर कोणाजवळ बोलली नव्हती.

पडद्यावर मयूरने मान खाली घातली. त्याची बायको गायत्री थबकून त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्याशी काहीतरी बोलली. बायका हसू लागल्या. रजनीने पाळण्याला झोका दिला.

"ठेवलं तिनं नाव," उषा म्हणाली. "बंद करा आता हो."

विजय टेबलाखालून बाहेर आला. बंद करायला म्हणून त्याने माउस धरला, तेव्हा कुठे त्याला स्पीकरचं ते शून्य दिसलं. त्याने ते वर सरकवलं.

"सगळ्या हॉलनं ऐकलं, ताई," गायत्रीचा आवाज खोलीत आला. "रेयांश राहील कागदावर. आत्यानं कानात सांगितलं तेच खरं नाव. मोतीरामच म्हणू आम्ही त्याले."

उषाने पदर पुन्हा डोळ्यांना लावला. तेवढ्यात रजनी पुढे झाली.

"नाव ठेवलं, आता आत्याचे बुक्के खा. पाठ फिरव इकडं. जिजाजी, आमच्या वाट्याचे तुमीच मारा. अन् माह्याबद्दल जे बोलली ना, त्याचे दोन वरून."

उषाने मुकाट्याने खुर्ची वळवली. "हळूच बरं," ती म्हणाली.

विजयने बाह्या सरसावल्या.