न निवणारा रेणू

समाधीबुवांचा रेणू प्रकाश पिऊन जो तापला, तो काही केल्या निवेना. प्रकाश पोटात गेला की रेणू थरथरतो, हातपाय झाडतो आणि जरा वेळाने शांत होतो. हा सगळा तमाशा संगणकावर हुबेहूब घडवून बघणं हे बुवांचं काम. समाधीबुवा हे नाव संस्थेत पाठीमागे चाले. समोर कोणी काहीच म्हणत नसे, कारण कोपऱ्यातल्या त्यांच्या खोलीकडे कोणी फिरकतच नसे. बहिणीच्या फोनला 'हो, जेवलो' म्हणण्यापुरताच काय तो त्यांचा आवाज निघायचा. एकटेपणाची सवय होते म्हणतात. बुवांना झाली नव्हती.

एकदा जिन्यात गाठ पडली म्हणून शेजारच्या खोलीतल्या बाईंना त्यांनी रेणूचं गाऱ्हाणं सांगितलं. बाईंनी ते विभागप्रमुखांच्या कानावर घातलं, आणि दुपारपर्यंत कधीच न निवणारा रेणू सापडल्याची बातमी संस्थाभर झाली. लोक खोलीत डोकावू लागले. कोणी चहाला बोलावलं, कोणी खांद्यावर हात ठेवला. प्रमुखांनी तर व्याख्यानच ठरवून टाकलं. बुवा इस्त्रीचे शर्ट घालून येऊ लागले.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी त्यांना चूक दिसली. एरवी हा रेणू पाण्यात असतो; आपली उष्णता आजूबाजूच्या पाण्याला देऊन मोकळा होतो. बुवा पाणी घालायचंच विसरले होते. रेणू बिचारा पोकळीत एकटाच तडफडत होता. दुसऱ्या कोणाला ही चूक पहिल्याच दिवशी खुपली असती. बुवांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

कबूल केलं तर खोली पुन्हा ओस पडणार, हे त्यांना कळत होतं. तरी ते प्रमुखांकडे गेले.

"साहेब, तो निवत नाही, कारण त्याला जवळ कोणीच नाहीये."

प्रमुखांनी चष्मा काढला. "मग घाला की पाणी. व्याख्यानाचं मी बघतो."

चहाची बोलावणी त्याच संध्याकाळी बंद झाली. बुवांनी मात्र हात सैल सोडून पाणी घातलं, रेणूला काही म्हणून कमी पडू नये इतकं. सकाळी पाहतात तो संस्थेतले एकमेकांना जोडलेले सगळे संगणक त्या पाण्याच्या आकडेमोडीत अडकलेले. कोणाचंच काम पुढे सरकेना. एकेक जण तणतणत बुवांच्या खोलीत आला. आधी शेजारच्या बाई, मग सगळा मजला, शेवटी खुद्द प्रमुख. कोणी खिडकीत टेकलं, कोणी टेबलावर. भांडून दमल्यावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून गप्पा सुरू झाल्या. बाईंनी सासूच्या गुडघ्यांचा विषय काढला, प्रमुखांनी स्वतःच्या. बुवांनाही कोणीतरी विचारलं, आणि ते चक्क बराच वेळ बोलले.

"झालं का हो तुमचं?" अखेर प्रमुख म्हणाले. "एवढं पाणी पुरे ना?"

बुवांनी स्क्रीनकडे पाहिलं. रेणू केव्हाच निवला होता. त्यांनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली.

"छे, साहेब," ते म्हणाले, "अजून बरंच लागेल."